तुऱ्यांचा मांडव

ट्रंकेचं झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला, ओल्या मातीचा. देवळाच्या मागच्या खोलीत माती कुठून आली, असं म्हणत मी आत हात घातला आणि जे हाताला लागलं त्याचा भुगा झाला. लेकीच्या लग्नासाठी ती पाळण्यात असल्यापासून साठवलेलं सगळं त्या ट्रंकेत होतं. साटीनच्या फिती, जरीचे काठ, कागदी चांदण्या, कुणाकुणाच्या लग्नात उरलेली पांढरी जाळी. वाळवीनं तळापासून सुरुवात केली होती आणि वरचा एक थर तेवढा शोभेपुरता ठेवला होता. मण्यांच्या माळांचे दोरे खाऊन मणी मातीत सांडून दिले होते. मी तिथेच फरशीवर बसले. सुवार्ताचं, म्हणजे माझ्या लेकीचं, लग्न जानेवारीत होतं आणि नाताळ नुकताच झाला होता.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. कोल्हापुरातलं आमचं देऊळ जुनं, कौलारू, लांब दांड्यांच्या पंख्यांचं. इथे कुणाचंही लग्न असलं की सजावट माझ्याकडे, हे ठरलेलंच. हिच्या हातात सुतळी दिली तर ही तोरण करेल, असं भगिनी मंडळात म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू? डेकोरेटर बोलवायची ऐपत आमच्यातल्या फार थोड्यांची. आमची तर त्या वर्षी मुळीच नव्हती, कारण यांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशननं घराचा हात आखडला होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मला चांगलं कळतं. पण अंथरूणच वाळवीनं खाल्लं तर माणसानं पाय पसरायचे कुठे?

घरी येऊन प्रार्थनेला बसले तर शब्द येईनात. मग जे आले ते भांडणाचे आले. दुसऱ्यांच्या लेकींसाठी तुझं घर सजवलं, गुडघे टेकून खिळे ठोकले, शिडीवर चढले, आणि माझ्या लेकीच्या वेळी तू वाळवी पाठवलीस? असं मी प्रभूला स्पष्ट विचारलं. हे शेजारच्या खुर्चीत पाय लांब करून बसले होते. म्हणाले, "तो देईल की." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो देईल, पण शिडी कोण धरणार, तुम्ही? असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरण्याच्या निमित्तानं पोटभर रडून घेतलं.

त्यात पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला. बाई मनानं चांगल्या, बोलणं लोण्यासारखं. सुवार्तानं ट्रंकेचं दुःख होणाऱ्या जावयाला सांगितलं होतं, त्यानं आईला. "ताई, तुम्ही अजिबात दगदग करू नका. आमच्या चर्चमध्ये सजावटीचं सगळं सामान आहे, लग्न इकडेच करू. फक्त रविवारपर्यंत कळवा, म्हणजे मला पाळकांशी बोलता येईल." त्यांचं काय चुकलं होतं? काहीच नाही. पण फोन ठेवून मी वळले तर लेक दारात उभी होती. ज्या देवळात तिचा बाप्तिस्मा झाला, जिथे ती पहिलं गीत गायली, जिथल्या तिसऱ्या बाकावर तिचं नाव कर्कटकानं कोरलेलं आहे (आणि त्यासाठी माझ्या हातचा मारही खाल्ला), तिथेच तिला लग्न करायचं होतं. ती म्हणाली, "मम्मी, काही नसलं तरी चालेल. नुसत्या बाकांवर करू." पण तिचं चालेल म्हणणं मला ओळखू येत होतं. नुसत्या बाकांवर तिचं लग्न लावायचं नाही आणि तिला पुण्यालाही न्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. कसं, ते ठाऊक नव्हतं.

शनिवारी मी एसटीनं शिरोळच्या बाजूला गेले. तिकडे पॉलीहाऊसमध्ये जरबेरा पिकतो. दांडी वाकडी झालेली, पाकळी दुमडलेली फुलं व्यापारी घेत नाहीत, ती स्वस्तात मिळतील असा माझा हिशेब. पॉलीहाऊसच्या मालकांनी चहा पाजला आणि हात जोडले. लग्नसराई होती, वाकडी फुलंसुद्धा आधीच सांगून ठेवलेली होती. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि पहिल्यांदा मनातल्या मनात म्हणाले, प्रभू, मला सुचत नाही, आता तूच बघ. यात भक्ती फार नव्हती. दमलेलं माणूस हातातली पिशवी खाली ठेवतं ना, तसं होतं ते.

थोड्या वेळानं गाडी थांबली. "उतरा पावणं, टायर बसलंय," कंडक्टर म्हणाला. आम्ही सगळे खाली उतरलो. समोर ऊस होता. या वाटेनं मी जन्मभर जाते-येते आणि ऊस म्हणजे आम्हा कोल्हापूरकरांना काय, घरच्या भिंतीसारखा, त्याच्याकडे बघतं कोण? पण त्या दिवशी ऊन कललं होतं, आणि नजर जाईल तिथपर्यंत उसाला तुरा आलेला. प्रत्येक उसाच्या शेंड्यावर माणसाच्या हाताएवढा लांब, चंदेरी, मऊ तुरा, आणि वारा आला की अख्खं शेत एका बाजूला झुकत होतं. मी बांधावर उभी राहिले आणि माझ्या अंगावर काटा आला. इतकी सजावट देवानं रस्त्याकडेला उघड्यावर मांडून ठेवली होती आणि मी वाकड्या जरबेऱ्यासाठी लोकांच्या विनवण्या करत फिरत होते.

"काय बगालायसा बाई?" शेताच्या कडेच्या घरातून एक बाई बाहेर आल्या. जैन शेतकरी कुटुंब होतं, सगळे त्यांना अक्का म्हणत. मी तुऱ्याकडे बोट दाखवलं. "त्यात काय बगायचं? तुरा आला म्हंजी ऊस आतनं पोकळ. वजन जातंय सगळं. म्या रोज शिव्या देतोय त्याला." मी त्यांना काय हवंय ते सांगितलं. अक्का आधी मोठ्यानं हसल्या. मग लेकीच्या लग्नाचं ऐकून गंभीर झाल्या, आत जाऊन विळा घेऊन आल्या. "न्या की मग. किती पायजेत तेवढं न्या. आमचा दुधाचा टेम्पो रोज कोल्हापूरला जातोय, त्यात घालून देतो. पर कोवळं तेवढंच घ्या. पिकल्यालं घेऊ नगासा, उडत्यात." आणि वर, "दिवस मावळायच्या आत दोन घास खाऊन जावा, आमच्यात नंतर जेवत न्हाईत." ओळख ना पाळख, आणि टायर बदलून होईपर्यंत मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी खात होते. टायर त्या शेतापाशीच का बसलं, हे कुणी मला विचारू नये. मी फक्त झालं ते सांगते.

गाडीत मी कवळाभर तुरे घेऊन चढले तेव्हा लोकांनी मला सोडलं नाही. "मावशी, कारखान्याला निघालाय व्हय?" कंडक्टरच्या मिशीला पांढरा कापूस चिकटला होता. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आल्याआल्या मी पितळेची घागर काढली, तुरे तिच्यात उभे केले आणि कोपऱ्यात ठेवले. सुवार्ता क्लासच्या शिकवण्या संपवून आली, चप्पल न काढता उभी राहिली. मग तिनं एका तुऱ्यावरून गाल फिरवला आणि म्हणाली, "मम्मी, हेच." मी तिथूनच विहीणबाईंना फोन लावला. म्हटलं, लग्न इथेच होईल, तुम्ही फक्त या.

मग जे सुरू झालं त्याला मी कामच म्हणणार नाही, तो सणच होता. टेम्पो रोज तुरे टाकून जाई. सुती साडीला करतात तशी पातळ खळ करून आम्ही तुऱ्यांवर फवारायचो, म्हणजे ते उडायचे नाहीत. भगिनी मंडळातल्या बायकांनी कपाटातल्या इरकली साड्या आणल्या. हिरव्या, जांभळ्या, डाळिंबी. त्या देवळाच्या खांबांना गुंडाळल्या, काठ समोर येतील अशा. "पिन टोचलीस तर याद राख," असं प्रत्येकीनं बजावलं, म्हणून सगळ्या साड्या नुसत्या गाठींवर उभ्या होत्या. दिवाळीत कुंभाराकडे पडून राहिलेल्या पणत्या चुन्यात बुडवून पांढऱ्या केल्या. घरी गच्चीवर हळदीसाठी उसाचेच वाढे, म्हणजे शेंड्यांची हिरवी पाती, बांधून मांडव घातला, खाली माझ्या जुन्या गोधड्या, कडेनं त्याच पणत्या. शेजारच्या इमारतीतल्या बायका कठड्याला टेकून विचारत होत्या, "कोण हो तुमचा डेकोरेटर?" मी बोट वर केलं. त्यांना वाटलं, मागच्या उंच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो.

चूक केली ती मी शेवटच्या दिवशी. वेदीसमोरच्या बांबूच्या कमानीसाठी मला भरघोस तुरे हवे होते. कोवळे बारीक दिसत होते. मी टेम्पोवाल्याला सांगून मुद्दाम पिकलेले, फुललेले आणवले, आणि नेमकी खळ संपली. अक्कांचं सांगणं आठवत होतं, पण कमान अशी देखणी उभी राहिली की मोह आवरेना. पंखे लावायचे नाहीत, एवढंच तर सांभाळायचं होतं. बटणांवर मी चिकटपट्टी लावली आणि देवळाची देखभाल करणाऱ्या दाविदमामांना तीन-तीनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

लग्नाच्या दिवशी विहीणबाई दारात आल्या आणि थांबल्या. खांबांवरच्या इरकली, बाकाबाकाच्या टोकाला तुरा, पुढे चंदेरी कमान. त्यांनी माझा हात धरला. शेवटच्या बाकावर अक्का आणि त्यांचे यजमान येऊन बसले होते. गीत झालं, आमचे पाळकसाहेब लग्नाचा संदेश द्यायला उभे राहिले. दुपार चढत होती, पुण्याची पाहुणेमंडळी कोटात आणि जरीत घामाघूम झाली होती. हातरुमालांनी वारा घेणं सुरू झालं. आणि ते दाविदमामांना बघवलं नाही. मागाहून त्यांनी मला सांगितलं, "पावणं घामानं भिजल्यात आन आपुन पंखं बंद ठेवायचं? गावाची अब्रू हाय का न्हाय?" चिकटपट्टी सोलून त्यांनी सगळे पंखे लावले, एकदम, मोठ्यावर.

आधी एक कापूस उडाला. मग दहा. मग कमानीनं जणू श्वास सोडला आणि देवळाची हवा पांढरी झाली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी उठून उभी राहिले. वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उन्हात ते तंतू चमकत, गिरक्या घेत खाली येत होते, सुवार्ताच्या ओढणीवर, जावयाच्या खांद्यांवर, पाळकसाहेबांच्या उघड्या पुस्तकावर, विहीणबाईंच्या पैठणीवर. सगळ्या देवळानं मान वर केली. पाळकसाहेबांनी पुस्तकावरचा कापूस बोटानं उचलला, कितीतरी वेळ बघितला, लिहून आणलेला कागद मिटला आणि एकच शब्द म्हणाले, "मान्ना."

मग ते त्यावरच बोलले. रानात भुकेल्या लोकांना देवानं सकाळी जमिनीवर पांढरं अन्न दिलं, रोजच्या रोज. ज्यांनी उद्यासाठी भांड्यात भरून ठेवलं त्यांच्या भांड्यात किडे पडले. या जोडप्यानं प्रेमही रोजचं रोज मागून घ्यावं, कालच्यावर राहू नये. पाळकसाहेबांना माझ्या ट्रंकेचं काही माहीत नव्हतं. मी मात्र पहिल्या बाकावर बसून हमसून हमसून रडत होते, आणि रडतारडता हसत होते, कारण तेवढ्यात विहीणबाईंना शिंक आली, मग जावयाला, मग नवरीला. सगळं देऊळ हसायला लागलं. त्या हसण्यातच लेकीनं "होय" म्हटलं, इतक्या मोठ्यानं की शेवटच्या बाकावर अक्कांनी टाळी वाजवली. आमच्यात असं कुणी वाजवत नाही. त्या दिवशी सगळ्यांनी वाजवली.

अक्कांसाठी कांदा-लसूण न घालता वेगळा स्वयंपाक केला होता, तो मी दिवसाउजेडी माझ्या हातानं वाढला. त्या सारख्या डोक्यावरचा कापूस चाचपत होत्या. "जन्मभर शिव्या दिल्या की ओ ह्या तुऱ्याला," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. दाविदमामा तोंड चुकवत फिरत होते. त्यांना मी पहिल्या पंगतीला बसवलं.

पाहुणे पांगल्यावर देऊळ झाडायला घेतलं. सवयीनं मी कापसाचा ढीग पिशवीत भरायला लागले, पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. अर्धी पिशवी भरली आणि माझा हात थांबला. इतकी वर्षं मी ट्रंक भरत होते आणि मनात म्हणत होते, लेकीची सोय मी केली आहे. ती सोय मातीत गेली तेव्हाच माझे हात रिकामे झाले, आणि रिकाम्या हातांत काय काय आलं ते कोल्हापूरनं पाहिलं. मी दारात जाऊन पिशवी उलटी केली. वाऱ्यानं क्षणात सगळं नेलं. मग सुवार्ता गाडीत बसताना माझ्या गळ्यात पडली तेव्हा तिच्या केसांत एक तंतू राहिला होता, तो मी काढला नाही.

विहीणबाईंनी जाताना एक तुरा मागून नेला होता, दिवाणखान्यात काचेच्या फुलदाणीत ठेवायला. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. आवाज अगदी हिरमुसला. "ताई, काय सांगू, सगळा उडून गेला हो, नुसती काडी उरली."

मी म्हटलं, "विहीणबाई, तो ठेवायचा नसतोच. पुढच्या थंडीत या, शेत भरून असेल."