उलटी पोहणारी पिल्लं

आमच्या बोरीवलीच्या घरात कोळंबी म्हणजे रविवारचं कालवण, बाटलीचा मसाला घालून. आणि माझ्या नवऱ्याने काय करावं? तर कोळंबी पाळावी! गोड्या पाण्यातली, लांब निळसर नांग्यांची, एक नर आणि एक मादी, हॉलमध्ये काचेच्या टाकीत. सासूबाई मढच्या, मासळी विकणाऱ्या घरातल्या. कपाळावर हात मारून म्हणायच्या, "अरे, आपण ती खायची, की तिला खायला घालायचं?" माझा राग वेगळाच होता. हौस त्याची आणि पाणी बदलायला मी.

त्याला पिल्लं हवी होती. मादीच्या पोटाखाली अंडी दिसली, की मी मुद्दाम म्हणायचे, "गाभोळी भरली रे!" तो चिडायचा. "गाभोळी म्हणू नको ना, ती तव्यावर जाते." अंडी फुटायची, पाण्यात कण कण तरंगायचे आणि थोड्याच दिवसांत सगळे मरायचे. या जातीची आई गोड्या पाण्यात राहते, पण पिल्लांना मात्र खारट पाणी लागतं. त्याने घरचं मीठ घालून पाहिलं, तरी वाट लागलीच. "पुढच्या वेळी मढहून समुद्राचं पाणी आणू," म्हणाला.

पुढची वेळ यायच्या आधी तोच गेला. ऑफिसमधून निघताना हार्ट अटॅक. चांगला धडधाकट माणूस.

चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिस्सा झाली, त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "ती टाकी देऊन टाक गं कुणाला तरी. मला बघवत नाही." मलाही बघवत नव्हतं. पण शेवटचं पाणी बदलावं म्हणून वाकले, तर मादीचं पोट अंड्यांनी भरलेलं.

"आई, एवढी अंडी फुटू देत. मग देऊ."

"आणि पिल्लं मेली तर? परत रडायचं?"

"मेली तर मेली! पण मी करून बघणार." केवढ्याने तरी ओरडले मी त्यांच्यावर. आम्हाला मूल नव्हतं. लोक ते माझ्यासमोर बोलत नाहीत, म्हणून मीच बोलते. त्याने धरलेल्या हट्टातलं एक तरी पिल्लू जगलेलं मला बघायचं होतं, बास.

दुसऱ्या दिवशी सासूबाई साडी बदलून दारात उभ्या. मढला त्यांच्या भावाच्या घरामागे गेलो, गुडघाभर पाण्यात उतरून दोन कॅन भरले. रिक्षावाल्याने विचारलं, "मौसी, इसमें क्या है?" त्या म्हणाल्या, "समुंदर."

एक तांब्या खारं, दोन तांबे नळाचं शिळं पाणी, असं छोट्या टाकीत मिसळलं. अंडी फुटल्यावर पिल्लं त्यात सोडली. काय विचित्र जीव! पोट वर, डोकं खाली, शेपटीच्या दिशेने पोहत जायची. जगली, कोळंबीचं रूप आलं, की सुलटी होतात, असं तो सांगायचा. सासूबाई अंडं वाफवून, फडक्यातून गाळून वाटीत आणून द्यायच्या आणि तोंड फिरवून आत जायच्या. टाकीकडे एकदाही पाहिलं नाही त्यांनी. मी चिमूटभर घालायचे. जास्त झालं की पाणी नासतं.

रोज सकाळी तळाशी मेलेली पिल्लं दिसायची. ड्रॉपरने ती काढताना मी त्याला शिव्या घालायचे. तुझा हा उद्योग, आणि मला एकटीला टाकून गेलास. पिल्लं कमी होत होत मूठभर उरली, मग चारपाच आणि शेवटी एकच. तेही उलटंच. मी आशा सोडली होती, पण वाटी रोज येत होती, म्हणून घालत होते.

मग एका सकाळी ते वर दिसेना. झालं, गेलं म्हणून ड्रॉपर घेतला, तर पिल्लू तळाशी, सरळ, पायांवर उभं. मुंगीच्या पायाएवढ्या नांग्या पुढे करून चालत होतं.

"अरे, लवकर ये ना! सुलटं झालं बघ, सुलटं झालं!"

बेडरूमकडे तोंड करून ओरडले मी. ओरडून झाल्यावर कळलं, कुणाला हाक मारली ते.

स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या. पदराला हात पुसत, गुडघे धरत टाकीसमोर खाली बसल्या आणि काचेला नाक लावलं.

"आले," म्हणाल्या. "कुठंय? दाखव."