दामूचं उलटं चिन्ह

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खोलीत नुसतं उभं राहिलं तरी अंगावर कापूस साचतो. टेमघरला दामूबरोबर एका खोलीत राहून माझ्या अंगावर तसेच किस्से साचलेत. झटकले तरी जात नाहीत.

*

दामू पीएच.डी. करत होता. रेणूतले दोन इलेक्ट्रॉन, त्यांचे स्पिन, म्हणजे फिरक्या, एकमेकांवर किती जोर लावतात याचं गणित. एकदा गावाहून, अंजूरहून, त्याचे वडील आले.

"ते इलेक्ट्रॉन दिसतान का रं?"

"न्हाय, बाबा."

"मंग तू काम करतस का न्हाय, त्या तुझ्या सरांना कसा कलतं?"

*

तीच तर बोंब! प्रयोगात उत्तर उणे यायचं, दामूचं दरवेळी अधिक. शेवटी सर शांतपणे म्हणाले, "या गुरुवारी चिन्ह उलटंच आलं, तर तुझा विषय बंद."

दामूचं जेवणच सुटलं. मी त्याच्या वाटचं जेवत होतो. मित्रच ना!

*

भिंतीपलीकडे लूम धडधडायचे, अलीकडे दामू गणितं करायचा. त्याच आठवड्यात लाइट गेली. सगळे लूम गप्प. दामू बोंबलत बाहेर आला, "अरे, एवढ्या शांततेत माणसाचं डोकं चालतं का!"

*

कॉम्प्युटर मुंबईत. प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा, तो दामू डब्यात घालून एसटीनं न्यायचा. कंडक्टरनं एकदा डबा उघडायला लावला. कार्डं बघून त्याचा चेहराच पडला.

"आमच्या आधी पंच कुणी केली?"

*

बुधवारी दामूनं डबा शेजारच्या लूमवरच्या उस्मानचाचांकडे ठेवला आणि आंघोळीला गेला. लूमवर साडीच्या किनारीची नक्षी भोकांच्या पुठ्ठ्यांवरून निघते. चाचा ते पुठ्ठे दोऱ्यात ओवून त्यांची माळ करायचे.

दामू परत आला, तर त्याची कार्डं खुंटीवर. माळ करून!

"खुल्ली पडी थी, बेटा. छेद मारके सी दी. अब नहीं बिखरेंगी."

नवीन कार्डं पंच करायला वेळ नव्हता. आम्ही दोरा कापला. चाचांची भोकं राहिली, बहुतेक कडेला, एका कार्डावर मात्र मधोमध.

गुरुवारी मुंबईत, सरांसमोर, कॉम्प्युटरचा ऑपरेटर म्हणाला, "एक कार्ड मशीन घेतच नाही. काढून चालवू? की रांगेतला नंबर सोडता?"

दामूनं डोळे मिटले. "चालवा."

कागद बाहेर आला. सरांनी उत्तरावर बोट ठेवलं. उणे! त्यांनी प्रयोगाचा आकडा काढून ताडून पाहिला. जुळला.

सरांनी ते नाकारलेलं कार्ड उजेडाला धरलं. चिन्ह उलटवणारी ओळ नेमकी त्याच कार्डावर होती! दामूनं चाचांच्या भोकांचं सगळं सांगून टाकलं.

मग सर चष्मा काढत म्हणाले, "हे चाचा पुढच्या बुधवारी मोकळे आहेत का?"