मामांचा नंबर

रांगेत उभं राहण्यावर माझ्या बायकोच्या मामांइतकं जिवापाड प्रेम करणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मामांचा एकच ट्रक. मालक तेच, ड्रायव्हरही तेच. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, तेव्हा ट्रकांचे नंबर लागत. आधी आलेल्या गाडीला आधी माल, आणि रांग सोडली की पुन्हा सगळ्यांच्या मागे. इतर ट्रकवाले या नियमाला हजार फाटे फोडत; मामा मात्र दिवसचे दिवस केबिनमध्ये ठाण मांडून. जेवण तिथेच, दाढी तिथेच. स्वतःच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तर त्यांनाही मोंढ्यात बोलावून सीटवर पोहे खाऊ घातले. "सोयरीक आज न्हाई तर उद्या जमंल. गेलेला नंबर कुठं वापस येतो?" रांगेत मध्येच घुसणाऱ्याशी तर ते असे भांडत की हमालसुद्धा पोती खाली ठेवून ऐकत. तरीही मुलीची ती सोयरीक जमली, हे त्या पाहुण्यांचे उपकार.

दुसरं वेड म्हणजे गाडी रिकामी न्यायची नाही. परतीला माल नसला तर कुणाचा मोडका नांगर, कुणाचा पलंग, एकदा तर अख्खी भजनी मंडळी त्यांनी फुकट आणली.

मी पेडगावला मास्तर होतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, एसटी बंद, आणि नेमक्या त्याच दिवसांत बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण घाबरून म्हणाली, "मास्तर, मूल आडवं हाय. परभणीला न्या." मी पळत सुटलो. पोस्टातून मोंढ्यात फोन लावला. कित्येक दिवसांच्या बंदनंतर मोंढा त्याच सकाळी उघडला होता आणि मामांचा नंबर पहिला होता. ते निघतील अशी मला खात्री नव्हती, हे आज सांगायला लाज वाटत नाही. मामांना ओळखणाऱ्या कुणालाच नसती.

ट्रक आला, तोही सरकीच्या पोत्यांनी भरलेला! मी संतापलो. "मामा, इथे जीव जायलाय आणि तुम्ही भाड्याचा माल भरत बसलात?"

"भाडं न्हाई, जावईबापू. उसनी पोती हायती. रिकामी गाडी लय आदळती. पोरीला सोसंल का?"

एरवी शिव्या देत गाडी हाकणारे मामा त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला "सांभाळ गं माय" म्हणत होते. दवाखान्यात ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी भिंतीला टेकून मोकळेपणी रडलो.

पेढे घेऊन मोंढ्यात गेलो, तर तिथे वेगळाच तंटा चाललेला. साऱ्या ट्रकवाल्यांनी मामांची पहिली जागा राखून ठेवली होती, आणि मामा ती घ्यायला तयार नव्हते. "रांग सोडली म्हंजे सोडली!" म्हणत त्यांनी गाडी शेवटी नेऊन लावली. मी जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाले, "नंबर जरा लांबलेलाच बरा. तवर रोज लेकराला बघायला येता येईल."

आणि खरंच रोज येत राहिले. गाडी रांगेत उभी ठेवून, पायी, बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारापर्यंत. आत यायला मात्र लाजत. आता मामा नाहीत. ते दारात उभे असलेले मला अजून दिसतात, आणि त्यांना हात धरून आत आणायचं राहूनच गेलं, असं वाटत राहतं.