ओ-यू-जी-एचचं वैर

इंग्रजी भाषेतल्या चार अक्षरांशी जन्मभराचं वैर धरणारा माणूस सगळ्या पृथ्वीवर एकच निपजला आणि तो नेमका माझ्या ताईच्या नशिबी आला. आमचे भावोजी झरीजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतात. ओ, यू, जी, एच ही अक्षरं एका ओळीत दिसली की त्यांच्या भुवया चढतात. "ही चौघं सख्खी भावंडं, पण एका घरात कधी एका सुरात बोलायची नाहीत!" टी-एच-आरच्या मागे बसली तर थ्रू, नुसत्या टीच्या मागे टफ, सीच्या मागे कॉफ, डीच्या मागे डो. ताई भाकरीचं पीठ मळत असली तरी हे परातीकडे बोट दाखवून विचारणार, "हे काय?" ताई मान वर न करता म्हणते, "डो. आता लाकडं आणा." एकदा उधव्याच्या बाजारात मिरच्या तोलल्या जात असताना ते "इनफ!" म्हणाले आणि पुढे त्या शब्दाचं स्पेलिंगही मिरचीवाल्या गुजराती बाईला समजावत बसले. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शेवटी तिने मूठभर मिरच्या वर घालून हात जोडले, "लई जाव साहेब, पण जाव!" मी पडलो धाकटा मेव्हणा, म्हणजे हक्काचा विद्यार्थी. मी डहाणूहून आलो की पाय धुवायच्या आधी माझी परीक्षा. त्यामुळे झरीला जायचं म्हटलं की मी सबबी शोधायचो.

गेल्या भातझोडणीला मी मदतीला गेलो होतो. दुपारची वेळ होती. खळ्यावर पेंढ्याचा ढीग होता, त्यात हात घालून मी भारा ओढला आणि मनगटाजवळ सुई टोचावी तसं झालं. ढिगातून नाग निघाला, क्षणभर फणा काढून थांबला आणि बांधाकडे सरकला. मी मनगट धरून खाली बसलो. ताईच्या हातातलं सूप खाली पडलं. भावोजींची म्हातारी आई धावत आली, "आधी भगताकडे न्या, तो विष उतरवतो, जवळही आहे." दोघे-तिघे मला उचलायला पुढे झालेसुद्धा.

"इनफ!" भावोजी असे गरजले की सगळे जागच्या जागी थांबले. या वेळी त्यांनी स्पेलिंग सांगितलं नाही. "आई, भगताला नंतर नारळ दे. आधी तलासरीचा दवाखाना."

शेजारच्या दामूने मोटरसायकल काढली. पुढे दामू, मध्ये मी आणि मागून मला कवटाळून भावोजी. हात कोपरापर्यंत ठणकत होता. गाडी खडीवरून उसळत होती आणि माझ्या कानाशी त्यांचा आवाज सुरू झाला, "बोल, थ्रू."

मला संताप आला. मी मरतोय आणि यांची शिकवणी चाललीय! "भावोजी, आता नको."

"म्हण म्हणतो ना!"

"थ्रू."

"टफ. थॉट. पुन्हा थ्रू." मी म्हणत गेलो. वाटेत गुरं आडवी आली, दामूने शिव्या हासडत गाडी शेतातून घातली. महामार्ग दिसू लागला तेव्हा मला पापण्या उचलवेनात. एका दामूचे दोन दामू दिसत होते. "थ्रू म्हण." मी म्हणालो, पण तोंडातून आलं ते "त्लू". मागे मिठी एकदम आवळली. भावोजींच्या छातीची धडधड मला माझ्या पाठीत ऐकू येत होती. "दामू, पळव!" एवढंच ते म्हणाले, आणि लगेच पुन्हा माझ्या कानाशी, "टफ. म्हण बाळा, टफ." आयुष्यात त्यांनी मला पहिल्यांदाच बाळा म्हटलं.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "बोलणं कधीपासून जड झालं?" पेशंटचे नातेवाईक अशा वेळी रडतात. आमचे भावोजी घामाने निथळत म्हणाले, "खडीच्या रस्त्यावर थ्रू स्वच्छ होता. महामार्गाजवळ थचा त झाला. दाराशी टफमधला फ गेला." बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सिस्टरला हाक मारली, "इंजेक्शन काढा, लगेच." पुढचं मला तुटक आठवतं. नाकाला नळी, ॲम्ब्युलन्स, खिडकीतून आशागडच्या दुकानांच्या सरकत्या पाट्या, डहाणूच्या मोठ्या दवाखान्याचं पांढरं छत. श्वास माझा मला घेता येऊ लागला तेव्हा पायाशी भावोजी बसलेले दिसले, पेंढ्याचं तूस केसांत तसंच. मी कष्टाने म्हटलं, "थ्रू." त्यांनी तोंडावर उपरणं घेतलं आणि बाहेर निघून गेले.

आता हाताला फक्त एक काळपट डाग उरलाय. मी अजून झरीला जातो. शाळेतली पोरं, पाहुणे, दामू, सगळ्यांना त्या चार अक्षरांची परीक्षा चुकत नाही. मला मात्र भावोजी विचारतात, "गाडीला गर्दी होती का? पाणी देऊ?" परवा मीच छेडलं, "काय भावोजी, आमची परीक्षा बंद?"

ते ओटीवर शेंगा सोलत होते. सालं गोळा करत म्हणाले, "तुला विचारायला तोंड उघडतो रे. पण तू उत्तर देईपर्यंतचा वेळ आता मला सोसत नाही."