शेठजींच्या नावाचा तुडतुडा

भट्टसाहेबांनी किड्याचं नाव ठरवून टाकलं होतं. आमच्या कंपनीच्या मालकांचं, म्हणजे शेठजींचं. नामकरणाच्या कार्यक्रमाचा बॅनर छापून आला होता. फक्त माझी सही राहिली होती.

मकरपुऱ्यातल्या एका कीटकनाशक कंपनीच्या लॅबमध्ये मी कीटक ओळखायचं काम करायचे. भट्टसाहेब माझे बॉस. तरसालीच्या एका आंब्यावर त्यांना तुडतुडे सापडले. तुडतुडा म्हणजे मोहोरातला रस शोषणारा, गव्हाच्या दाण्याएवढा किडा. हे जरा काळपट होते. तेवढ्यावर साहेबांनी नवी जात जाहीर केली. तिच्यासाठी म्हणून नवं औषधही शेतकऱ्यांच्या गळ्यात मारायचं होतं.

साहेब गुजराती, माझ्याशी मोडकंतोडकं मराठी बोलायचे. "सुनंदाबेन, पेपरवर सही करून टाका ने."

"यात नर कुठे आहेत, सर?"

"नराचं काय काम छे? रंग बघा."

रंग वयाने बदलतो, हवेने बदलतो. तुडतुड्याची जात नरावरून ठरते. त्याचं पोट कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवायचं आणि आतला जननावयव मायक्रोस्कोपखाली बघायचा. प्रत्येक जातीत त्याचा आकार वेगळा. साहेबांनी आणलेल्या अकराच्या अकरा माद्या होत्या. हे मी एका डॉक्टरेटवाल्याला समजावत होते.

मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी माझं टेबल स्टोअररूमच्या दाराशी गेलं. अपमान गिळला आणि रिक्षा करून तरसाली गाठली. त्याच झाडावरून नर पकडून आणले, स्लाइड केली. आंब्यावरचा नेहमीचाच तुडतुडा, नाव केव्हाचं दिलेलं. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "कार्यक्रम होऊन जाऊ दे."

कार्यक्रमाला शेठजी आले आणि थेट मायक्रोस्कोपपाशी गेले. त्याखाली माझी स्लाइड होती.

बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "आ शुं छे, बेन?"

"नराचा जननावयव, सर. जात यावरूनच ठरते. ही जुनीच आहे."

"अने मारुं नाम आने आपवाना हता?" म्हणजे, माझं नाव याला देणार होतात?

भट्टसाहेब रुमालाने चष्मा पुसत राहिले. बॅनर जेवणाच्या आधी उतरला. नवं औषध बारगळलं. माझं टेबल परत आलं. भट्टसाहेब मात्र मार्केटिंगला गेले, तेही बढतीवर.

किड्याला नाव देण्याआधी त्याचं पोट उघडून बघावं लागतं. भट्टसाहेबांनी फक्त मालकाचं तोंड बघितलं होतं.