ठराव क्रमांक सात

‘आप्पांच्या जाण्याने फणसवाडीतील एक पर्व संपले,’ असं वाडीच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर लिहिलं होतं. पर्व वगैरे काही संपलं नाही. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी नेहमीसारखंच उशिरा आलं. तो फळा इतकी वर्षं आप्पाच लिहीत असे. नाव, वय आणि निघण्याची वेळ, याहून एक शब्द जास्त नाही. “मेलेल्याला विशेषणं कशाला? तो काय अर्ज करणार आहे?” असं म्हणायचा.

आप्पा माझा बालमित्र आणि आमच्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी. घरात तीन पिढ्यांची कारकुनी, त्यामुळे तोंडी गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ परळच्या एका इस्पितळात सव्वा महिना यंत्रावर होता. काही उपयोग नाही हे सगळ्यांना कळत होतं, पण थांबा म्हणायचं कुणी, हे ठरत नव्हतं. त्यानंतरच्या पहिल्याच सभेत जिन्याच्या रंगाचा विषय आटोपून आप्पाने इतिवृत्ताच्या वहीतून संथपणे वाचलं, “ठराव क्रमांक सात. माझी शुद्ध परत येण्याची आशा डॉक्टरांनी सोडल्यास मला नळ्या लावून ठेवू नये. लावल्या असल्यास काढाव्यात. अनुमोदक कोण?”

“अरे, हे काय सभेत आणायचं असतं?” मी म्हणालो.

“मग कुठे आणू? घरी पोरगी विषय काढू देत नाही. हात वर करतोस की चहा थांबवू?”

मी हात वर केला. चहासाठी.

यंदा आप्पाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. अकराव्या दिवशी डॉक्टरीणबाई नीलूला, म्हणजे त्याच्या एकुलत्या मुलीला, म्हणाल्या, “आता श्वास बराचसा यंत्रच घेतंय. ते शुद्धीवर येणार नाहीत.” नीलू माझ्याकडे वळली. “काका, मी हो म्हटलं तर बाबांना मीच मारलं असं होईल हो...”

मी टॅक्सी करून वाडीत गेलो आणि वही घेऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी जिन्याच्या रंगापासून सहीपर्यंत सगळं वाचलं. “कायद्याला एवढं पुरत नाही. आमच्या डॉक्टरांच्या दोन समित्या त्यांचं काम करतील. पण वडिलांना काय हवं होतं, हे आता ताईंना ओळखत बसायला नको.”

नीलूने वही ओढून घेतली आणि ते पान वाचलं. “तारीखसुद्धा घातलीय,” ती म्हणाली, हसली आणि मग रडली. “म्हणजे हे मी नाही ना ठरवलं, काका?”

“नाही गं. ते बहुमताने ठरलंय.”

दोन्ही समित्यांचा होकार आल्यावर एका दुपारी नळी काढली. त्रास होऊ नये म्हणून औषध चालू होतं. नीलूने हात धरला; मला पायाशी जागा मिळाली. पाऊण तास तो स्वतःचा श्वास घेत होता, घाई न करता... मग थांबला. आप्पाने आयुष्यात मला बरंच काही दिलं, बहुतेक न मागता. त्यातलं हे सर्वांत मोठं: अवघड भाग त्याने स्वतः उरकला आणि आमच्यासाठी फक्त जवळ बसणं ठेवलं.

वही आता माझ्याकडे असते. अमलात आलेल्या ठरावापुढे लाल शाईने ‘पूर्ण’ लिहायचं, हा आप्पाचा नियम. गेल्या रविवारी सातव्यापुढे मी तसं लिहिलं आणि सहज मागची पानं चाळली. त्या वहीत लाल शाई आणखी कुठेच नाही. सहावा ठराव जिन्याच्या रंगाचा आहे.