मधे बोलणारे काका

बावधनच्या आमच्या भाषण क्लबातून माणसं गळू लागली, तेव्हा अध्यक्षबाईंनी सभा रंगवायला फुगे आणले, टोप्या आणल्या, ‘मी बटाटा बोलतोय’ असले विषय काढले. हॉलचे मालक असलेले काका शेवटच्या खुर्चीत चावी फिरवत जांभया देत. आयुष्यभर ग्रामसभा गाजवलेले गृहस्थ. एकदा म्हणाले, “लई गोड बोलताय तुमी, पण मधी कुणी तोंडच घालत न्हाई. मजा कशी यायची?”

पुढच्या शनिवारी बाई ‘पाणी वाचवा’वर बोलत होत्या. काका मागून ओरडले, “तुमच्याच सोसायटीत पायपानं गाड्या धुत्यात की!” बाई शिकलेले हातवारे विसरल्या आणि तावातावानं भांडल्या. पहिल्यांदाच मी घड्याळ बघितलं नाही.

सभा संपताच क्लबानं एकमतानं ठराव केला: मधे बोलायचं असल्यास आधी हात वर करावा.